भाव जाहिरातीतला नको, दस्तातला पाहा

पुण्यात घरांचे भाव चढेच असल्याची बातमी वाचली. त्यातले दर विक्रेत्यांनी मागितलेले आहेत. सौदा कितीला झाला, हे सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, दिसते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून ती पाहता येते. त्याच सोसायटीतले अलीकडचे चार-पाच दस्त काढून मोबदल्याला (सौद्याच्या रकमेला) क्षेत्रफळाने भागावे. क्षेत्रफळ चटई (भिंतींच्या आतले) की बांधीव (भिंतींसह), हे आधी तपासावे. बहुधा ते चौरस मीटरमध्ये असते, म्हणून चौरस फूट काढायला १०.७६४ने गुणावे. क्षेत्रफळाच्या प्रकारातच हिशेब फसतो, कारण एजंट ‘सेलेबल’वर, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून वाढवलेल्या क्षेत्रफळावर, दर सांगतो. ‘बाजारभाव’ हा रकाना मात्र सरकारी मूल्यदरावर (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दरावर) बेतलेला असतो. नाव फसवे, त्यावरून घासाघीस करू नये.

– एक वाचक, कोथरूड, पुणे