बूस्टरच्या दिवशी मुलाच्या बोलण्याचीही चौकशी व्हावी

महोदय,

दीड वर्षाचं मूल लसीच्या बूस्टर डोससाठी आरोग्य केंद्रात येतं. वजन होतं, लस टोचली जाते, कार्डावर तारीख पडते आणि पुढचा नंबर पुकारतात. मूल बोलायला लागलं का, नावाने हाक मारली की वळून बघतं का, हे सहसा कुणी विचारत नाही. वास्तविक कोणत्या वयात मुलाला काय यायला हवं, हे त्याच माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेलं असतं.

पुढे ही मुलं आम्हा बालवाडीच्या शिक्षिकांकडे येतात. साडेतीन वर्षांचा मुलगा, गाडी उलटी धरून नुसतं चाक फिरवत बसलेला. कितीही हाका मारा, मान वर करत नाही. आजी म्हणतात, "ऐकू येतं हो त्याला, जाहिरात लागली की आतल्या खोलीतून धावत येतो. याचा बापही उशिराच बोलला." काही मुलं उशिरा बोलून पुढे व्यवस्थित होतात, हे खरंच आहे. पण कोणती, ते घरबसल्या ठरवता येत नाही, आणि वाट बघण्यात मेंदूच्या वाढीची सर्वांत मोलाची वर्षं निघून जातात.

१६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांचं होऊनही 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही किंवा येत असलेले शब्द बंद झाले, तर आधी कान तपासून घ्यावेत आणि बालविकासतज्ज्ञांना दाखवावं. ही ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, लक्षणं असू शकतात; पण ऑटिझम आईच्या दुर्लक्षाने होत नाही. घरातल्यांनी त्या बाईला बोल लावणं आधी थांबवावं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून ही तपासणी आहे, पण त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जातात. सोसायटीतल्या खासगी नर्सरीतलं मूल त्यातून निसटतं. बूस्टर मात्र बहुतेक सगळेच घेतात, आणि त्याचं वय १६ ते २४ महिने, म्हणजे नेमकं हेच. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी त्या दिवशी हे चार प्रश्न विचारणं सक्तीचं करावं. शंका आली तर पालकांच्या हातात पत्त्याची चिठ्ठी द्यावी. वाशीत नवी मुंबई महापालिकेचंच दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आईवडिलांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. खासगी बालरोगतज्ज्ञांनीही लस देताना एवढी पाच मिनिटं काढावीत, ही विनंती.

एक बालवाडी शिक्षिका, ऐरोली