बायोस पत्र, धाकटीच्या नर्सिंगबद्दल

रत्नागिरी,
गणपती विसर्जनानंतरचा रविवार

प्रिय बायो,

गणपतीला तू आली नाहीस म्हणून तुझ्या आईने माझ्याकडे केलेली तक्रार इथे पुन्हा लिहीत नाही, ती तुला फोनवर ऐकू आलीच असेल. धाकटीने एएनएम, म्हणजे सहाय्यक नर्स आणि सुईणीचा कोर्स, करावा का, असं तू विचारलं होतंस आणि मी 'सावकाश सांगते' म्हणाले होते. आज रात्रपाळी संपवून आलेय, झोप काही येत नाही, तर सांगतेच.

कागदावरचं आधी उरकते. एएनएम 2 वर्षांचं, जीएनएम, म्हणजे त्याहून वरचा पूर्ण नर्सिंगचा कोर्स, 3 वर्षांचं. एएनएमला पहिल्या वर्षी सामाजिक आरोग्य, शरीररचना, आहार, लसीकरण, प्रथमोपचार, बालसंगोपन. दुसऱ्या वर्षी बाळंतपणाचं सगळं आणि आरोग्य केंद्र कसं चालवायचं ते. शेवटचे 6 महिने इंटर्नशिप. मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी, आणि नशीब असेल तर उपकेंद्रात आरोग्यसेविका. डोंगरी भागात एका उपकेंद्रामागे 3,000 लोक धरतात. आपल्याकडे 3,000 लोक म्हणजे किती वाड्या आणि किती घाट्या, ते तुला सांगायला नको. जागा भरतात त्यातल्या बऱ्याच कंत्राटी, हेही घरी आधीच सांगून ठेव.

आता खरं सांगायचं ते. नर्स म्हटलं की आपल्या गावात लोकांना सुई आठवते. मलाही तसंच वाटायचं. पण सुई टोचायला हात थोड्याच दिवसांत बसतो. शिकायला वेळ लागतो तो नुसतं बघायला, मोजायला आणि बघितलेलं लगेच लिहून ठेवायला. साधा श्वास मोजायचा तरी रुग्णाला सांगायचं नसतं, सांगितलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, तसंच धरून छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. लहान मुलांत तर याच मोजणीवर न्यूमोनियाचा संशय घेतात. 2 महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतलं 50, पाच वर्षांच्या आतलं 40, की ते पोर पुढे पाठवायचं. स्टेथोस्कोपसुद्धा लागत नाही, सेकंदकाटा लागतो.

हे मला नीट कळलं ते ग्रामीण रुग्णालयातल्या पोस्टिंगमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर. त्या दिवसांत फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, चावलेले लोक येत राहतात. कोणी गडग्याचा दगड उचलताना, कोणी सड्यावर लाकडं गोळा करताना. एवढंसं जनावर, पण त्याचं विष रक्त गोठूच देत नाही. विष अंगात भिनलंय का हे ठरवायची तपासणी ऐकशील तर हसशील. शिरेतून 2 मिली रक्त घ्यायचं, कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत घालायचं आणि 20 मिनिटं उभं ठेवायचं. बस. हलवायचं नाही, मधेच उचलून बघायचं नाही. 20 मिनिटांनी नळी एकदा तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिसर्पविष, म्हणजे विषावरचं औषध, सुरू. नळी काचेचीच का, तर काचेला लागलं की रक्त गोठायला सुरुवात होते, प्लास्टिकचा भरवसा नाही. आणि साबणाने धुतलेली नळी घेतली तर निरोगी माणसाचं रक्तही गोठणार नाही आणि तपासणी खोटी ठरेल.

ती 20 मिनिटं आमच्याकडे, म्हणजे विद्यार्थिनींकडे. डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे, दाराशी निम्मी वाडी जमलेली, कोणीतरी मांत्रिकाचं नाव काढतंय, म्हातारी 'अगो काहीतरी करा गो' म्हणून ओरडतेय. आणि तू नळीपाशी उभी. काहीच करत नाहीयेस असं सगळ्यांना दिसतं. पण त्याच वेळात हिरड्यांतून रक्त येतंय का, लघवी लाल आहे का, सूज पावलावरून कुठवर चढली, हे बघून वेळेसकट लिहायचं असतं. सूज कुठवर आली तिथे पेनाने रेघ मारायची, म्हणजे नंतर वाद नको. घट्ट दोरी बांधून आणलेला असेल तर ती डॉक्टर असल्याशिवाय सोडायची नाही. खरं तर बांधायचीच नसते. पाय लाकडाला बांधून स्थिर ठेवायचा, चालवायचं नाही आणि थेट दवाखाना गाठायचा, हे आम्ही वाडीवाडीत सांगतो. ऐकतात निम्मे.

प्रतिसर्पविषाची पूड पातळ करतानाही तेच, बाटली खळखळ हलवली की फेस होतो, हळूहळू गोल फिरवावी लागते. सुरुवातीला 10 बाटल्या. तेवढ्या आमच्यातल्या सर्वांत उतावळ्या मुलीकडूनही सिस्टरनी शांतपणे करून घेतल्या, तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं. औषध चालू असताना अंगावर पित्त उठतंय का, दम लागतोय का हे बघत शेजारी थांबायचं, अॅड्रेनलिन हाताशी भरून ठेवायचं. 6 तासांनी पुन्हा तीच तपासणी, तीच 20 मिनिटं.

बाळंतपणाच्या वॉर्डातही वेगळं काही नाही. पोटावर हात ठेवून 10 मिनिटांत किती कळा आल्या ते मोजायचं, बाळाचे ठोके ऐकायचे, पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याच्या आलेखावर, ठिपके द्यायचे. पिशवीचं तोंड 4 सेंमी उघडलं की आलेख सुरू, आणि ठिपके सावधानतेच्या रेघेच्या उजवीकडे सरकायला लागले की वरच्यांना सांगायचं. आपल्याकडे जिल्ह्याचं ठिकाण लांब आणि रस्ता वळणांचा, म्हणून ती रेघ मला पुस्तकापेक्षा इथे जास्त पटली.

बाकी पुस्तकी भाग घोकून होतो. केस स्टडी आणि प्रोसिजर बुक लिहून बोटं दुखतात. हॉस्टेलच्या आमटीबद्दल न लिहिलेलंच बरं. वॉर्डातल्या मावशी मात्र बेड लावण्यापासून नातेवाइकांना आवरण्यापर्यंत जे शिकवतात ते कुठल्याच विषयात नाही.

धाकटीबद्दल म्हणशील तर, ती तुझ्यासारखी बडबडी नाही. लग्नघरातसुद्धा कोपऱ्यात बसून सगळं टिपत असते. मला तरी ती यात टिकेल असं वाटतं. रक्त बघून चक्कर येते म्हणून घाबरू नकोस, ती बहुतेकींना सुरुवातीला येते. पण जीएनएमला तिचा नंबर लागत असेल आणि घरून तिसऱ्या वर्षाचा खर्च जमत असेल, तर जीएनएमच घ्यावं. पुढे वाव जास्त. हे मी आमच्या ट्यूटरसमोर बोलणार नाही, तूही कुठे बोलू नकोस.

फॉर्म सुटले की कळवते. दाखले आत्तापासून काढायला घ्या, तहसीलमध्ये त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते.

तुझी,
बाळी