रिकाम्या पडद्यामागची चूक दाखवणाऱ्या ताईंना

इंदूर

प्रिय ताई,

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

राजवाड्याकडच्या आमच्या मराठी वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्राम पायथनमध्ये केलाय, त्याचे पडदे क्यूएमएल या पडदे मांडायच्या भाषेत. काउंटरवरच्या विंडोज संगणकावर आयकॉनवर डबल क्लिक केलं तर काहीच उघडेना. खिडकी नाही, एरर नाही, आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्राम चालूच. चूक शोधायचं साधन, म्हणजे डीबगर, तोही कुठे थांबेना.

तुम्ही फोनवर आधी कारण समजावलंत. क्यूएमएल वाचतं ते क्यूटी या पडदे बांधायच्या सॉफ्टवेअर-संचाचं इंजिन. क्यूएमएलमध्ये चूक सापडली तरी पायथनमध्ये एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम अडवणारी चूक, येत नाही. इंजिन फक्त इशारा छापतं. पायइन्स्टॉलर या पायथन प्रोग्रामची .exe बनवणाऱ्या साधनाने कन्सोलशिवाय, म्हणजे मजकूर छापायच्या काळ्या खिडकीशिवाय, बांधलेल्या प्रोग्रामला तो इशारा दाखवायला जागाच नसते. इव्हेंट लूप, म्हणजे क्लिक वगैरेंची वाट पाहणारं चक्र, मात्र खिडकी नसतानाही फिरत राहतो. हे ऐकलं आणि इतके दिवस चुकीच्या दारावर थाप मारणं थांबलं.

मग उपाय: फाइल लोड करण्याआधीच इंजिनच्या ‘वॉर्निंग्ज’ सिग्नलला, म्हणजे इशारा आल्याची वर्दी देणाऱ्या सोयीला, आपलं फंक्शन जोडायचं. येणाऱ्या प्रत्येक एररसोबत फाइल, ओळ, कॉलम आणि वर्णन असतं, ते लॉगमध्ये लिहायचं. लोडनंतर ‘रूटऑब्जेक्ट्स’ ही तयार झालेल्या मुख्य घटकांची यादी रिकामी असेल तर तोच मजकूर मेसेजबॉक्समध्ये दाखवून बाहेर पडायचं. मेसेजबॉक्ससाठी प्रोग्रामच्या सुरुवातीला क्यूटीचं क्यूजीयूआयॲप्लिकेशन घेऊन चालत नाही, क्यूॲप्लिकेशनच लागतं, हेही तुम्हीच आठवणीने सांगितलंत.

आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, ‘टाइप अनअव्हेलेबल’ ही पहिली ओळ पाहून मुख्य फाइल उकरत बसू नका, खरी चूक तिच्या खालच्या ओळीत असते. तसंच निघालं. सभासदांच्या पडद्यात अस्तित्वातच नसलेल्या प्रॉपर्टीला, म्हणजे गुणधर्माला, किंमत दिलेली होती.

ती ओळ तुम्ही स्वतः दुरुस्त करून दिली असतीत तर काम त्या दिवसापुरतं भागलं असतं. आता बटण दाबल्यावर येणारे रेफरन्स एरर, म्हणजे नसलेलं नाव वापरल्याच्या चुका, त्यासुद्धा लॉगमध्ये उतरतात, आणि काउंटरवरच्या काकू फोन करून थेट फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा वाचून दाखवतात. त्यांना संगणकाची धास्ती होती. ती गेली, याचा मला फार आनंद आहे.

इंदूरला आलात की वाचनालयात नक्की या. काकूंना तुम्हाला भेटायचंय.

तुमचा ऋणी,
वाचनालयातला एक कार्यकर्ता