काकूंना जाहीर पत्र: आफ्रिकेत जेवायला शिकवल्याबद्दल

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र असं चारचौघांत लिहितोय म्हणून रागावाल, ठाऊक आहे. पण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि समोर आलं की चहा टाकायला उठता. मग दुसरा मार्ग उरला नाही. शिवाय आमच्या धंद्यातली बरीच पोरं, म्हणजे चक्क्या, पंप, जनरेटर बसवायला जाणारी, आज अक्रा, लुसाका, नैरोबी अशी फिरत असतात. बॅगेत तयार उपम्याची पाकिटं, लोणचं, चिवडा. महिनाभर तेवढ्यावर काढतात आणि परत येऊन सांगतात, "तिकडे खायला काही मिळत नाही." त्यांच्याही हे पत्र वाचनात यावं.

"आफ्रिकेत जेवणाचं काय असतं?" हा माझा पहिला प्रश्न होता. तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. उलट विचारलंत, कुठला देश? इथिओपिया म्हटल्यावर, कुठला भाग? तेही सांगितल्यावर, डोंगरावर की खाली, आणि पोचणार कुठल्या वारी? ५४ देशांच्या खंडाला एका प्रश्नात गुंडाळायचं नाही, हे तुम्ही भाषण न देता शिकवलंत.

वार कशाला लागतो, ते अदिस अबाबात कळलं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा दर बुधवारी आणि शुक्रवारी उपवास. ईस्टरआधीचा मोठा उपवास तर ५५ दिवसांचा. त्या दिवसांत मांस, दूध, तूप, अंडी काही चालत नाही, मात्र डाळी, कडधान्यं, पालेभाज्या पोटभर. तुम्ही पक्क्या शाकाहारी, सम्राट हैले सेलासींच्या काळात तिथल्या शाळेत गणित शिकवायला गेलात आणि याच पदार्थांवर वर्षानुवर्षं सुखानं राहिलात. "शाकाहारी आहे म्हणून सांगत बसू नकोस, 'त्सोम' म्हण, ताट येईल," हा तुमचा सल्ला. त्सोम म्हणजे उपवास. आलंही. 'यत्सोम बेयाइनेतु' नावाचं ते ताट म्हणजे एका मोठ्या इंजेरावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या धिरड्यावर, मसूर, चणे, कोबी-बटाटा, हिरवी पालेभाजी, बीट आणि मधोमध शिरो. शिरो हे चण्याच्या मसालेदार पिठाचं, जवळजवळ आपलं पिठलंच, फक्त लाल आणि जास्त तिखट.

इंजेरा भाजताना नीट बघून ये, असंही तुम्ही बजावलं होतंत. बिशोफ्तूला गिरणीमालकांच्या घरी ते बघायला मिळालं. टेफ या तिथल्या धान्याचा दाणा खसखशीपेक्षा बारीक. त्याचं पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात. वर पिवळसर पाणी साचतं, ते 'एर्शो'. त्यातलं थोडं पुढच्या पिठाला विरजण म्हणून ठेवतात. 'मिताद' नावाचा मातीचा रुंद गोल तवा तापला की मालकीणबाई तेलबियांची पूड फडक्यानं त्यावर फिरवायच्या. मग भांड्यातून पातळ पीठ बाहेरच्या कडेपासून आत गोल गोल सोडत आणायच्या, हात कुठेही न थांबवता. क्षणात वर शेकडो भोकं उमटतात. त्यांना तिथे डोळे म्हणतात. डोळे उघडले की झाकण. उलटायचं नाही, एकच बाजू. काठ सुटला की गवताची सपाट चटई खाली सरकवून अख्खा इंजेरा उचलायचा. डोळे कमी पडले तेव्हा बाईंनी आधी पिठाकडे बघितलं आणि नंतर माझ्याकडे, कारण पीठ मी बसवलेल्या चक्कीतलं होतं. दळण जरा भरड झालं होतं. संध्याकाळी पाट्यांमधलं अंतर कमी करून दिलं.

कांद्याबद्दल तर तुम्ही तीनदा सांगितलं होतंत. 'वोत', म्हणजे तिथला घट्ट रस्सा, करायचा तर बारीक चिरलेला कांदा आधी तेलाशिवाय परतायचा. तळाला लागेलसं वाटलं की पाण्याचा हबका. कांदा विरघळून तपकिरी गोळा झाला की मग तेल, आणि मग बर्बरे. मिरची, मेथी, कोरारिमा ही तिथली वेलची, कलौंजी आणि आणखी कितीतरी जिन्नस असलेला तो मसाला त्या कांद्यात मंद आचेवर मुरतो. घाई करणाऱ्याचा वोत कच्चा लागतो. मी आता घरी मसुरीचा करतो, बायको लांबूनच कांदा हलवायला सांगते.

आणि गुर्शा. समोरच्यानं इंजेराचा घास करून थेट तुमच्या तोंडात भरवायचा. "मान मागे घेऊ नकोस, तोंड मोठं उघड," म्हणाला होतात. पन्नाशीचा, धिप्पाड, वजनकाट्यावर माझ्याशी तासभर हुज्जत घातलेला गृहस्थ जेवताना मला घास भरवतोय, याची मनाची तयारी झाली नसती तर मी नक्की लाजलो असतो. कॉफीचंही तसंच. दाणे समोर भाजतात, धूर पाहुण्यांपुढे फिरवतात, मग जेबेना नावाच्या मातीच्या सुरईच्या मानेतून ओततात. अबोल, तोना, बरका अशा तीन फेऱ्या. "पहिल्या कपावर उठलास तर सौदा झाला नाही समज" या तुमच्या वाक्यामुळे मी दुपारच्या भेटीला दोन तास राखून ठेवतो. आमच्या ऑफिसला ते अजून पटलेलं नाही.

इथिओपिया म्हटलं की आपल्याकडे १९८४ च्या दुष्काळाची चित्रं आठवतात. त्यावरून तुम्ही एकदा माझ्यावर नाही, टीव्हीवर ओरडला होतात. इतक्या बारीक निगुतीचं स्वयंपाकघर असलेल्या देशाची ओळख एका भुकेच्या फोटोवर संपवणं, याचा तुम्हाला खरंच त्रास व्हायचा. आता मलाही होतो.

त्याच देशाच्या दक्षिणेत निघालो तेव्हा तुम्ही हसत म्हणालात, "गुरागे आणि सिदामा लोकांकडे चक्की विकायला जाऊ नकोस." तिथे अन्न म्हणजे एन्सेत. केळीसारखं दिसणारं झाड, पण फळ खात नाहीत. खोडाचा आणि कंदाचा गर खरवडायचा, पानांत गुंडाळून खड्ड्यात पुरायचा आणि महिनोन् महिने आंबवायचा. त्याची जाड भाकर म्हणजे कोचो. एकाच देशात काहीशे किलोमीटरवर धान्य बदलत नाही, धान्यच नाहीसं होतं.

घानाबद्दल तुम्ही मला नकाशाच काढून दिलात. किनाऱ्यावर केंके आणि बांकू: मका भिजवून, ओला दळून, आंबवून केलेले गोळे. म्हणजे कोरड्या दळणाची हॅमर मिल तिथे कामाची नाही, पाट्यांची चक्की हवी. माझा केवढा तरी वेळ वाचला. मध्ये अशांती लोकांच्या भागात फुफू. उत्तरेत ज्वारी-बाजरीच्या किंवा मक्याच्या पिठाचा तुओ झाफी, सोबत बुळबुळीत पाल्याची आयोयो. कुमासीत फुफू कांडताना पाहिला. कसाव्याचा उकडलेला कंद आणि उकडलेली कच्ची मोठी केळी लाकडी उखळात. एकजण उभं राहून लांब मुसळ घालणार, दुसरी बाई बसून, मुसळ वर गेलं की ओल्या हातानं गोळा आत वळवणार. दोघं गप्पा मारत होती, उखळाकडे नीट बघतही नव्हती. माझाच जीव वरखाली होत होता. फुफू चावायचा नाही, शेंगदाण्याच्या किंवा पाम फळांच्या रश्श्यात बुडवून गिळायचा, आणि डावा हात जेवताना काय, काही देता-घेतानाही पुढे करायचा नाही. "जोलोफ भात घानाचा चांगला की नायजेरियाचा, या वादात मात्र पडू नकोस." पडलो नाही. दोघांसमोर दोघांचा चांगला.

सेनेगलला तुम्ही राहिला नव्हतात, पण अक्रात तुमच्या शेजारी डाकारचं कुटुंब होतं. तुम्ही मासे खात नव्हतात, तरी त्यांच्या परातीशी बसण्याची रीत तुम्हाला तोंडपाठ. चेबु जेन हा तिथला माशांचा भात, सेंत लुईच्या कोळी वस्त्यांतला. २०२१ साली युनेस्कोच्या यादीत गेला. माशाला चिरा देऊन त्यात कोथिंबिरीच्या जातीचा पाला, लसूण, मिरची भरतात. टोमॅटोच्या रश्श्यात मासे आणि गाजर, कोबी, कसावा शिजवून काढून घेतात, मग त्याच रश्श्यात तुकडा तांदूळ. हा तुकडा तांदूळ कुठून आला, ते तुमच्यामुळे शोधलं. फ्रेंचांनी सेनेगलच्या शेतकऱ्याला तेलासाठी भुईमूग लावायला लावला आणि खायला इंडोचायनातल्या आपल्याच दुसऱ्या वसाहतीतला फुटका तांदूळ आणून घातला. आज बाई तुकडाच हवा म्हणून अडून बसते, कारण रस्सा त्यातच मुरतो. जबरदस्तीनं आलेल्या मालाचं तिथल्या बायकांनी काय करून ठेवलंय!

परातीत आपल्यापुढचा भाग आपला. दुसऱ्याच्या पुढ्यात हात घालायचा नाही. मधला मासा घरची बाई तोडते आणि पाहुण्याकडे सरकवते. माझ्यापुढे इतका सरकत आला की शेवटी भात दिसेना. भांड्याच्या तळाची खरपूस खोंय वेगळी येते, तिच्यावर मुलांचा डोळा असतो. नंतर अत्ताया, हिरव्या चहाचे तीन छोटे पेले, पहिला कडू, मग गोड होत जाणारे.

आता ज्यासाठी पगारवाढ मिळाली, ते सांगतो. टांझानियात डोडोमाकडच्या एका गावात पोशो मिल, म्हणजे मका दळायची चक्की, बसवत होतो. मालकाला मोठ्या भोकांची जाळी हवी होती, कारण दळण लवकर उरकतं आणि डिझेल कमी लागतं. तुम्हाला फोन केला. "मालकाला काय विचारतोस, पिठाची बादली डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायकांना विचार." विचारलं. त्यांनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं आणि नाकं मुरडली. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, गुठळ्या न होता यायची तर पीठ बारीक हवं. पुन्हा त्यांत दोन पंथ. कोंडा काढलेल्या मक्याचं पांढरंशुभ्र सेंबे आणि कोंड्यासकट दळलेलं डोना. घरच्यासाठी डोना चालेल, पाहुण्यांपुढे सेंबेच. आधी कोंडा काढणारं यंत्र आणि मागे बारीक जाळीची चक्की अशी जोडी बसवली. मलावीतही तेच दिसलं. तिथल्या न्सिमाला, म्हणजे त्यांच्या उगालीला, २०१७ साली युनेस्कोनं मान दिलाय, पण पिवळ्या मक्याचं पीठ बाईला नको असतं. खरं सांगू? उगाली मला अजूनही फारशी आवडत नाही. सोबतच्या सुकुमा विकी या पालेभाजीसाठी खातो.

चपाती मात्र सगळीकडे भेटते. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासाहून रेल्वे टाकायला सुमारे ३२ हजार हिंदुस्थानी मजूर नेले होते, त्यांच्यामागून ती तिथे रुजली आणि आता केनियातल्या घरांत सणाला होते. पण "चपाती दिसली म्हणून तिथेच अडकू नकोस" हेही तुमचंच. झांझिबारला पिलाव खाल्ला, नारळाच्या दुधातल्या भाज्या खाल्ल्या, तिथून व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या बुकोबाला गेलो तर पुन्हा केळीच केळी.

उत्तरेत माझं काम नाही, त्यामुळे रव्याच्या वाफवलेल्या कण्यांच्या कुसकुसबद्दल अधिकारानं बोलत नाही. २०२० साली अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांनी मिळून ते युनेस्कोत नेलं, आणि पुढच्याच वर्षी अल्जीरियानं मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले. भांड्यावर एकमत, बाकी कशावर नाही.

ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चवळी ही चारही मूळ आफ्रिकेची आणि हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली, हे पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकलं तेव्हा मला थट्टाच वाटली. इतकी वर्षं चक्क्या विकतोय, पण दळतोय ते कुठलं, कधी मनात आलं नव्हतं. आणि उपवासाचा साबुदाणा ज्या कसाव्याचा, तो पोर्तुगीजांनी दक्षिण अमेरिकेतून आफ्रिकेत नेला. पश्चिम आफ्रिकेत तो किसून, आंबवून, दाबून पाणी काढून, कढईत भाजून 'गारी' करतात, कारण कडू जातींत विष असतं आणि ते काढायचं तंत्र बायकांच्या हातात आहे.

काकू, तुम्ही मला पाककृती फारशा दिल्या नाहीत. दिलंत ते विचारायचं कसं, बसायचं कसं, आणि कुणाला विचारायचं. त्यामुळे मी परक्या घरांत ग्राहक म्हणून गेलो आणि पंगतीला बसवला गेलो. त्याबद्दल मनापासून आभार. या वेळी विषय बदलता येणार नाही.

तुमचा,
चक्कीवाला

ता. क. तुम्ही आजवर एकच गोष्ट मागितलीत, कोरारिमा. अदिसच्या मेर्काटो बाजारात सालीसकट चांगली मिळाली, रविवारी घेऊन येतो. बर्बरेही आहे, पण तो बिशोफ्तूच्या बाईंनी दिलाय आणि फार तिखट आहे, आधी अर्धाच चमचा घाला.