माता मृत्यूवरील संशोधन बाळंतिणीच्या खाटेपासून सुरू व्हावे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात माता मृत्यूचे प्रमाण देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. हे यश मोठे आहे. परंतु आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील दुर्गम धडगाव-अक्कलकुव्याकडची बाई राज्याच्या सरासरीत दिसत नाही. संशोधनाचा पैसा कोठे खर्च करायचा हे ठरवताना तिचाच विचार आधी व्हावा, असे उपकेंद्रात अनेक वर्षे बाळंतपणे केलेल्या माझ्यासारख्या आरोग्यसेविकेला मनापासून वाटते.

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे या मृत्यूंचे एक मुख्य कारण आहे. किती रक्त गेले, याचा अंदाज आम्ही भिजलेल्या कापडांवरून बांधत असू आणि तो बहुधा कमीच निघे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी त्यासाठी बाईच्या कमरेखाली अंथरायची, मापाच्या रेषा आखलेली प्लास्टिकची पिशवी वापरली. तेथील १,६२० स्त्रियांवरील अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नर्सबाईंनी रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिलेल्या स्त्रियांत असा अतिरक्तस्राव ६.४ टक्के, तर इतरांत १२ टक्के आढळला. पुढे २०२३ मध्ये आफ्रिकेतील चार देशांत अशाच पिशवीने मोजमाप करून सर्व उपचार एकदम सुरू केले, तेव्हा गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले.

उपाय हाती असताना ती पिशवी प्रत्येक प्रसूतिगृहात का पोहोचत नाही, याचा अभ्यास आता व्हायला हवा. रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनला २ ते ८ अंश सेल्सिअसचा थंडावा लागतो. उन्हाळ्यात रात्रभर वीज नसलेल्या केंद्रातील इंजेक्शन सकाळी कितपत गुणकारी उरते, आणि त्याच कामाचे, पण उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हे औषध तेथे परवडेल का, हेही तपासावे.

दुसरा विषय घरी सोडल्यानंतरच्या दिवसांचा. तिसऱ्या दिवशी घरी गेलेली एक बाळंतीण पाचव्या दिवशी डोके दुखते म्हणत होती. घरच्यांना ते जागरणाचे वाटले. झटके आल्यावर जीप मिळाली, पण पहिल्या रुग्णालयाने पुढे पाठवले आणि ती वाटेतच गेली. अशी डोकेदुखी आणि झटके वाढलेल्या रक्तदाबामुळे येऊ शकतात; पण तिचा रक्तदाब त्या दोन दिवसांत कोणीही मोजला नव्हता. आशाताईंच्या हाती रक्तदाबमापक दिल्यास असे किती जीव वाचतात, हे आपल्याच तालुक्यांत पाहता येईल. त्यासाठी माता मृत्यूंची कारणे तपासणाऱ्या माता मृत्यू अन्वेषण बैठकांतील माहिती, नावे वगळून, शासनाने संशोधकांना खुली करावी, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, नंदुरबार जिल्हा