फोटोखाली लेन्स आणि शटर पण छापा

संपादकसाहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पहिला कॅमेरा कोणता घ्यावा यावर आलेलं वाचलं. सगळा जोर मेगापिक्सेल किती आणि झूम किती पट यावर. दोन वर्षांपूर्वी मी पण नेमकं एवढंच बघून कॅमेरा घेतला आणि बसलो, म्हणून लिहितोय.

मी एसटी वर्कशॉपमधनं रिटायर झालो, हातात चार पैसे आले तशी जुनी हौस वर आली. दुकानदार म्हणाला, काका हा घ्या, पन्नास पट झूम, रंकाळ्याच्या या काठावरनं पल्याडचा माणूस ओळखू येतोय. आणि खरंच येत होता! उन्हात बगळे, पाणकावळे, सगळं झकास. मग आली त्रिपुरी पौर्णिमा. पहाटे पंचगंगा घाटावर दिवे लागले, मी लांबनं झूम करून शंभरेक फोटो काढले आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर बघतोय तर पणत्यांच्या जागी पिवळे ओघळ आणि अंधारात नुसता रवा सांडल्यासारखं. आमच्या मंडळींनी मोबाईलवर काढलेला फोटो त्याच्यापेक्षा बरा होता. पुढं काय काय ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही.

मेकॅनिक माणूस, बिघाड कुठं ते कळल्याशिवाय झोप लागत नाही. शोधल्यावर कळलं, बिघाड नव्हताच. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारी आतली चकती) साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा लहान. लेन्स बदलायच्या कॅमेऱ्यात जो एपीएस-सी सेन्सर असतो तो क्षेत्रफळानं याच्या जवळजवळ तेरापट. त्यात झूम न करता माझी लेन्स एफ २.८ ला उघडायची (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), पूर्ण झूम केली की एफ ६.५, म्हणजे उजेड पाचव्या हिश्श्यावर. मग शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, सावकाश चालणार, हात हलणार, आयएसओ (कमी उजेड वाढवून दाखवायचं सेटिंग) वर जाणार आणि रवा पडणार. दुकानदाराचं तरी काय चुकलं, मी अंधारात फोटो काढणार हे त्याला सांगितलंच नव्हतं.

मेगापिक्सेलचं म्हणाल तर ८ बाय १२ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, काढायला ९ सुद्धा लागत नाहीत. २४ वाल्याला भिंतीवर फ्लेक्स लावायचा असेल तर गोष्ट वेगळी!

आता माझ्याकडं सेकंडहँड डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलायचा कॅमेरा) आहे, सोबतची १८-५५ एमएमची साधी झूम लेन्स आणि एक ५० एमएम एफ १.८. ही ५० ची लेन्स एफ ५.६ च्या तुलनेत दहापट उजेड घेते, झूम अजिबात नाही, पायानं पुढं मागं व्हायचं. पोरं म्हणतात मिररलेसचा, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्याचा जमाना आहे, असू दे, शिकायला हा भरपूर आहे. फक्त जुना घेताना शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललंय ते विचारा आणि लेन्समधनं बॅटरीचा उजेड मारून बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला आतनं बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यागत दिसते. मी तर डाळीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो, त्यावरनं पण घरात एकदा झालंय.

तर मुद्दा असा की कंपन्यांचे आकडे छापण्यापेक्षा तुमच्या फोटोग्राफरांनी काढलेल्या फोटोखाली एक ओळ छापा, कुठली लेन्स, शटर किती, आयएसओ किती. खासबागेत पैलवान हवेत आणि माती जागेवर थांबलेली असा फोटो तुम्ही छापता, तो कितीच्या शटरला घेतला हे कळलं तर नवख्याला आपल्याला काय घ्यावं लागेल ते घरबसल्या समजेल. जागा नसेल तर राशिभविष्यातली एक ओळ कमी करा, मी कन्या राशीचा आहे, माझी चालेल.

आपला,
एक जुना वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर