मे महिन्याआधी, गवत कापायच्या यंत्राविषयी

कोलंबस, ओहायो
२२ मार्च

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर मी ‘गॅसचा लॉन मोअर’ असे म्हणाले, तेव्हा आई, तू काळजीने विचारलेस की त्या यंत्राला मागे सिलिंडर बांधून फिरतेस की काय. इथे पेट्रोललाच ‘गॅस’ म्हणतात, एवढाच तो घोटाळा आहे. यंत्राच्या टाकीत जेमतेम लिटरभर पेट्रोल मावते. बाबांनी मात्र मे महिन्यात आल्यावर ते यंत्र आपणच चालवणार असे जाहीर करून टाकले आणि मी काही बोलायच्या आत फोन तुझ्या हाती दिला. फोनवर बाबांना अर्धे ऐकू येत नाही आणि उरलेले अर्धे ते ऐकून घेत नाहीत, तेव्हा सगळे लिहूनच कळवलेले बरे.

आपल्या हिशेबाने सांगायचे तर या घराची जागा दहा गुंठे आहे. घर, गाडीचा रस्ता आणि मागचा लाकडी ओटा वजा जाता सहा गुंठे नुसते गवत उरते. ते कापावेच लागते, कारण इथल्या पुष्कळ गावांत गवत आठ-दहा इंचांच्या वर गेले की पालिकेची नोटीस येते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत साधारण आठवड्याला एकदा, आणि मे महिन्यात पावसाने जोर धरला तर दर पाच दिवसांनी ते काम निघते. पहिल्या वर्षी आम्ही एका माणसाला दर खेपेला पन्नास डॉलर देत होतो. हंगामात अठ्ठावीस खेपा झाल्या आणि चौदाशे डॉलर गेले. तेवढ्यात तीन यंत्रे आली असती, हा हिशेब समीरने मांडला तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

त्यानंतर मी केलेली चूक तुम्हाला सांगितली नव्हती, ती आता सांगते. जुने यंत्र ऐंशी डॉलरला मिळते म्हणून मी कुणाकडून तरी घेऊन आले. विकणाऱ्याने ते आधीच सुरू करून तापवून ठेवले होते, त्यामुळे माझ्यासमोर एका ओढीत सुरू झाले. घरी दुसऱ्या दिवशी थंड असताना तीस वेळा दोरी ओढली, खांदा भरून आला, आणि यंत्राने हूं की चूं केले नाही. कार्बुरेटर उघडला तर तळाशी मधासारखा चिकट पिवळा थर बसलेला आणि जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचे बारीक छिद्र, बुजलेले होते. बाबा, तुमचे पहिले वाक्य असते, ‘इंजिनाला हात लावून बघितलेस का, गार होते का ते?’ तेच नेमके मी केले नव्हते.

नवे घेताना मग घाई केली नाही. दुकानात रांगेने उभ्या यंत्रांवर मोठमोठ्या अक्षरांत अश्वशक्ती आणि सीसी लिहिलेले असतात, पण आपल्या कामासाठी त्याला फारसा अर्थ नाही. एकवीस-बावीस इंची पात्याला दीडशे-एकशेसाठ सीसीचे इंजिन पुरून उरते. पाहायचे असते ते चाकांकडे. नुसते ढकलायचे यंत्र स्वस्त आणि हलके असते, परंतु आपल्या मागच्या अंगणाला नाल्याकडे चांगलाच उतार आहे, त्यामुळे इंजिनाच्या जोरावर स्वतः चालणारे घेणे भाग होते. त्यातही दोन जाती आहेत. पुढच्या चाकांना जोर असलेले यंत्र वळवायला सोपे, कारण दांडा जरा खाली दाबला की पुढची चाके उचलली जाऊन ते जागच्या जागी फिरते. पण चढावर वजन मागे सरकते, मागची पिशवी गवताने भरलेली असेल तर अधिकच, आणि मग पुढची चाके नुसती गरागरा फिरत माती उकरतात. म्हणून मागच्या चाकांना जोर असलेले टोरो कंपनीचे बावीस इंची यंत्र घेतले, कर धरून पाचशे डॉलरांच्या आत. त्याचा दांडा आपण जितका पुढे रेटू तितक्या वेगाने ते चालते आणि आपण थांबलो की थांबते. इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे आहे. मिलवॉकी शहरात सुरू झालेली ही कंपनी १९०८ सालची, त्यामुळे फिल्टर, प्लग, गॅस्केट असे सुटे भाग कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. होंडाचेही पाहिले होते, पण त्यांनी उत्तर कॅरोलायनातल्या कारखान्यात ही यंत्रे बनवणे २०२३ मध्ये थांबवले असल्याने उरलेल्या मालासाठी धावपळ करावीशी वाटली नाही.

बॅटरीवर चालणारे का नाही, हा समीरचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. सपाट सहा गुंठ्यांना बॅटरीचे यंत्र पुरते, आवाज कमी, धूर नाही, दोरी ओढणे नाही. कॅलिफोर्नियात तर २०२४ पासून नव्या बनावटीची पेट्रोलची यंत्रे विकण्यावर कायद्यानेच बंदी आली. पण मे महिन्यातले ओले, दाट गवत आणि तो उतार पाहता मला पेट्रोलचे बरे वाटले. शिवाय जे उघडून पाहता येते तेच विकत घ्यावे, ही सवय मला कुणामुळे लागली ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढचे यंत्र बहुधा बॅटरीचेच असेल, हेही कबूल करते.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट मध्येच सांगते. हे यंत्र पहिल्यांदा काढले इंग्लंडमधल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने, १८३० साली, आणि त्याला ते सुचले कापडाच्या गिरणीत. लोकरी कापडावरची लव एकसारखी कातरण्याचे यंत्र त्याने पाहिले आणि तेच जमिनीवर फिरवले तर, असा विचार केला. त्याचे यंत्र पिळाच्या पात्यांचे होते, गोल फिरत कात्रीसारखे कापणारे. आपले आडव्या पात्याचे आहे, ते कातरत नाही, तर वेगाने फटकारून तोडते. तरीही इचलकरंजीत तीस वर्षे जॉबर म्हणून माग दुरुस्त केलेल्या माणसाशी या यंत्राचे लांबचे नाते निघतेच.

आता देखभालीविषयी, कारण ते खाते मी आनंदाने तुमच्याकडे सोपवणार आहे. चेतकसारखे पेट्रोलात ऑइल मिसळायचे नाही. हे चार स्ट्रोकचे इंजिन आहे, त्याचे तेल वेगळे भरायचे, साधारण अर्धा लिटर. काही नव्या इंजिनांबाबत कंपनीच सांगते की तेल कधी बदलू नका, पातळी पाहून फक्त भर घाला. हे वाचून तुम्ही जे म्हणाल तेच मीही म्हणाले आणि दर वसंतात बदलते. चेतक सुरू झाली नाही की तुम्ही ती एका अंगावर कलती करायचात. याला खालून साफ करण्यासाठी कलते करावे लागते, पण एअर फिल्टरची बाजू नेहमी वर राहील असेच, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरते आणि मग पुढचा तासभर सगळ्या आळीत पांढरा धूर होतो. आमच्या शेजाऱ्यांनी तो पाहिलेला आहे. आणि पात्याजवळ हात नेण्याआधी प्लगची वायर काढून बाजूला ठेवायची, इंजिन बंद असले तरीही. पाते हाताने फिरवले की इंजिनही फिरते, आणि ते कधी सुरू होईल याचा नेम नसतो.

पेट्रोलची भानगड तुम्हाला लगेच समजेल, कारण तिकडे वीस टक्के इथेनॉल आल्यापासून तुम्ही आपल्या जुन्या गाडीच्या नावाने दर आठवड्याला तक्रार करता. तिकडे ते आसपासच्या साखर कारखान्यांच्या उसाचे, इथे मक्याचे. लहान इंजिनांना दहा टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि इथल्या काही पंपांवर पंधरा टक्क्यांचे पेट्रोल थोडे स्वस्त असते म्हणून हात नेमका तिकडेच जातो. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि पेट्रोल महिनाभर पडून राहिले की शिळे होते. त्या जुन्या यंत्राच्या कार्बुरेटरमधला तो ‘मध’ त्यातूनच झाला होता. हंगामातले शेवटचे कापून झाले की मी टाकी संपेपर्यंत यंत्र चालवून ते आपोआप बंद पडू देते. हे अंगणात करायचे, गराजमध्ये नाही, कारण बंद जागेत त्याचा धूर जीव घेऊ शकतो.

आई, फोटो पाहून तू म्हणालीस की गवत अर्धवटच कापलेले दिसते. ते मुद्दाम तसे आहे. इथले थंड हवेत वाढणारे गवत तीन-साडेतीन इंच ठेवतात, आणि एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापत नाहीत. फार बोडके केले की मुळे उथळ राहतात, जुलैच्या उन्हात ते करपते आणि रिकाम्या जागी तण माजते. कापलेले गवत गोळा करून टाकतही नाही. पाते त्याचा बारीक चुरा करून खालीच पाडते आणि त्यातला नायट्रोजन परत जमिनीत जातो. म्हशी नसल्यामुळे एवढी वैरण वाया जाते ही तुझी हळहळ मला समजते, पण इथे त्याला घेणारे कुणी नाही.

आता मुख्य गोष्ट. ते पाते मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेते; त्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास येतो. खाली खडा आला तर तो गोफणीतून सुटल्यासारखा जातो. दांड्यावर एक आडवी पट्टी असते, ती सोडली की पाते तीन सेकंदांच्या आत थांबलेच पाहिजे, असा नियम इथे १९८२ पासून आहे, आणि ती पट्टी दोरीने बांधून ठेवण्याची युक्ती तुम्हाला पहिल्याच दिवशी सुचेल हे मला आत्ताच दिसते आहे. ती करायची नाही. चपला घालून यंत्राला हात लावायचा नाही. गवत ओले असताना नाही, आणि यंत्र स्वतःकडे ओढत मागे चालायचे तर मुळीच नाही. समोरचा सपाट भाग तुमचा. मागचा उतार माझा, कारण तिथे आडवे-आडवे चालवावे लागते आणि तुमचा डावा गुडघा ऐनवेळी काय करेल ते तुम्हालाही सांगता येत नाही. आणि घरात दुसरे कुणी असेल तेव्हाच.

कानांवर ते मोठे आवरण लावायचे, याला मात्र तुम्ही हसाल. मागांच्या खोलीत तीस वर्षे कुणी कानात कापूससुद्धा घातला नाही, त्याला कुणाचा नाइलाज होता आणि कुणाची मर्दुमकी. पण आज आईला तुम्हाला हाक मारायला स्वयंपाकघरातून बाहेर यावे लागते, ते त्या खडखडाटामुळेच. या यंत्राचा आवाज मागांच्या मानाने काहीच नाही, असे तुम्ही म्हणणार. जे ऐकणे शिल्लक आहे ते मला शिल्लक हवे आहे. यावर वाद घालायचा असेल तर तो पत्रानेच घाला, म्हणजे मला तो नीट वाचता येईल.

पात्याला धार लावण्याचे काम तुमच्यासाठी राखून ठेवले आहे. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते, आणि दुसऱ्या दिवशी गवताचे शेंडे तपकिरी दिसतात. इथे सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला नाही. मी स्वतः एकदा कानशीने प्रयत्न केला, पण एक बाजू जास्त घासली गेली आणि पाते असमतोल होऊन सबंध यंत्र हातात थरथरू लागले. मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवून पाहिले तर एका अंगाला सरळ खाली झुकत होते. तुमच्या हाताला ते पाच मिनिटांचे काम आहे.

तेव्हा दोन गोष्टी करा. बुटांसाठी बाबांच्या पायाचे माप सेंटिमीटरमध्ये मोजून कळवा, ते मी इथेच घेऊन ठेवते. आणि कपाटाखालच्या हत्यारांच्या पेटीतली ती बारा इंची सपाट कानस, लाकडी मुठीची, मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये गुंडाळून आणा. हातातल्या सामानात ठेवू नका, नाहीतर मुंबईच्या विमानतळावरच ती काढून घेतील.

समीरचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
अनघा